माझ्या कानांनी लिहिलेलं पत्र

मी थेरपिस्ट आहे आणि मी ऑटिस्टिक आहे. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ सांगितली की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला कळत नाही, असा लोकांचा समज असतो. कळतं. इतकी वर्षं तेच ते बघून पाठ झालंय. आधी एक हसू येतं, मग "म्हणजे अगदी थोडंसं असेल ना?" आणि मग "पण तुम्ही तर डोळ्यांत बघून बोलता की." मी डोळ्यांत बघत नाही, दोन भुवयांच्या मधोमध बघते. शाळेत असतानाच मी ते स्वतःचं स्वतः शिकले. पण हे सांगितलं की समोरचा माणूस उरलेला सगळा वेळ कपाळाला हात लावत बसतो, म्हणून सांगत नाही.

सगळ्यात वैताग येतो तो "आजकाल सगळेच थोडे थोडे असतात हो" या वाक्याचा. माझी मोठी बहीण दर दिवाळीत ते म्हणते. एकदा मी तिला विचारलं, मग फटाके वाजायला लागल्यावर तू माझ्यासारखी बाथरूममध्ये दार लावून का बसत नाहीस? ती म्हणाली, तुझं आपलं काहीतरीच. क्लिनिकमध्ये येणाऱ्या पालकांचीही तीच तऱ्हा. काहींना मला बघून आशा वाटते, की आपली मुलगीही पुढेमागे अशी पाटी लावून बसेल. काहींना धास्ती वाटते, की म्हणजे चाळिशीनंतरही हे जात नाही? नाही जात. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि आजही कुणी न कळवता बेल वाजवली की दार उघडण्याआधी मला भिंतीला हात टेकून दोन मिनिटं उभं राहावं लागतं.

माझं निदान झालं तेव्हा मी सदतीस वर्षांची होते आणि बारा वर्षं लोकांचं मन कसं चालतं ते त्यांना समजावून सांगत होते. स्वतःचं कसं चालतं याचा पत्ता नव्हता. निदानानंतर मी ते उघडपणे सांगायला लागले, आणि वर्षाभरात माझ्याकडे ऑटिस्टिक माणसांची रीघ लागली. मुलुंडहून, घाटकोपरहून, थेट कुर्ल्याहून लोक बोरिवलीला यायचे. रिक्षा, बस, मेट्रो असं करत दमून भागून पोचायचे आणि सगळे एकच म्हणायचे, तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या कुठल्याही पदवीने मला जेवढं बरं वाटलं नव्हतं तेवढं या वाक्याने वाटलं. आता मागे वळून बघताना कबूल करते, ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं.

क्लिनिक म्हणजे एका सोसायटीतला तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. तो मी माझ्या कानांना सोसेल असा करून घेतला. घड्याळ काढून टाकलं. फ्रिज घुरघुरतो म्हणून ठेवलाच नाही. खिडक्यांना दुहेरी काच, जाड पडदे, दाराला खाली रबराची पट्टी. सोसायटीच्या सेक्रेटरींना तीन अर्ज करून पाण्याचा पंप माझ्या वेळांत चालू होणार नाही अशी सोय करून घेतली. आत आलेल्या माणसाने "किती शांत वाटतं इथे" असं म्हटलं की मला स्वतः स्वयंपाक करून वाढल्यासारखं समाधान व्हायचं.

त्या शांततेत ती आली. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. तिने मजकूर वाचला, दोन ठिकाणी माझी चूक दाखवली आणि एका ठिकाणी स्वल्पविराम घातला.

ती चारकोपच्या खाडीकडच्या जुन्या गावठाणातली, कोळ्यांची मुलगी. वडील नाहीत. आई कांदिवलीच्या बाजारात मासे विकते, लग्न होऊन आल्यापासून त्याच ओट्यावर बसते. मुलगी बी.एस्सी. झालेली, हुशार, आणि खोटं बोलायला पूर्णपणे असमर्थ. पहिली नोकरी कॉल सेंटरची होती. गिऱ्हाइकाने विचारलं, ही योजना माझ्या फायद्याची आहे का, तर ती म्हणाली नाही. दुसरी एका शाळेच्या ऑफिसात. तिथे काय झालं ते तिलाही कधी कळलं नाही, फक्त उद्यापासून येऊ नको असं सांगितलं. तिसरी दातांच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर मीटिंगमध्ये आहेत असं पेशंटना सांगायचं होतं, तिने सांगितलं डॉक्टर जेवतायत आणि अजून गुलाबजाम खायचाय. आईच्या ओट्यावर बसवून पाहिलं, तर जुन्या गिऱ्हाइकाला तिने पापलेट परवाचं आहे म्हणून सांगितलं. आईने तिला तिथून उठवलं आणि मागे कोळंबी सोलायला बसवलं.

माझ्याकडे आली तेव्हा तिला चौथी नोकरी लागून आठवडा झाला होता. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधांची खोकी छापणारा एक कारखाना आहे, तिथे छपाई तपासायचं काम. मशीनवर नवीन काम लागलं की निघालेला पहिला कागद तिच्या टेबलावर यायचा. मंजूर झालेला नमुना शेजारी ठेवून तिने एकेक अक्षर, टिंब, आकडा आणि रंग ताडून बघायचा आणि सही करायची. ती सही झाली की मशीन सुटणार, मग हजारो खोकी. हे काम जणू तिच्यासाठीच कुणीतरी बनवलं होतं. चूक दिसली की चूक आहे म्हणायचं, आणि त्यावर कुणी रागवायचं नाही. सहा महिने बघणार आणि मग कायम करणार, असं ठरलेलं होतं. पहिल्याच भेटीत तिने मला सांगितलं, "ही गेली तर मी पाचवी शोधणार नाही." धमकी नव्हती ती, नुसती माहिती होती. मी ती माहिती जशीच्या तशी घेतली आणि ठरवलं की ही नोकरी जाऊ द्यायची नाही.

तिसऱ्या महिन्यात ती दमायला लागली. घरी आली की जमिनीवर पालथी पडायची, दोन तास उठायची नाही, जेवायचीसुद्धा नाही. मी तिला कामाची जागा कशी आहे ते विचारलं. तिने अगदी तपशिलात सांगितलं. टेबल मशीनच्या हॉलमध्येच, चार पावलांवर छपाईचं मशीन, त्याच्या पलीकडे खोकी कापणारं पंचिंग मशीन. ते दर दोन सेकंदांनी धप्प करतं, मग सर्र करून कागद सरकतो, परत धप्प. जमीन हलते. ती सांगत होती आणि माझ्या दाढा दुखायला लागल्या होत्या. तिने वाक्य पुरं करायच्या आत माझं निदान तयार होतं. ही मुलगी दिवसाचे आठ तास त्या धप्पमध्ये बसते, दमेल नाही तर काय होईल?

मी विचारलं, "तुला शांत जागा मिळाली तर बरं वाटेल ना?"

ती म्हणाली, "वाटायला पाहिजे."

पालकांना मी घसा कोरडा करून सांगत असते, उत्तर पोटात घातलेला प्रश्न मुलांना विचारू नका. "तुला पोहायला आवडतं ना?" असं विचारू नका, "तुला काय आवडतं?" असं विचारा. आणि थांबा. दर महिन्याला कुणाला ना कुणाला हे सांगते. त्या दिवशी मी स्वतः थांबले नाही. "वाटायला पाहिजे" हे उत्तरसुद्धा मला विचित्र वाटलं नाही. मला कागद कधी पुढे ओढते असं झालं होतं.

पत्र फर्मास झालं होतं. कारखान्याच्या एचआर विभागाला लिहिलेलं, दोन पानी. टेबल मशीनच्या हॉलमधून हलवून शांत, बंद जागेत द्यावं, आवाजाचा मेंदूवर काय ताण येतो, कामाचा दर्जा त्याने कसा सुधारेल, सगळं मुद्देसूद. शेवटी मी एक वाक्य घातलं, की मी स्वतः ऑटिस्टिक असल्याने या गरजांची मला आतून जाण आहे. हे वाक्य मी कुठल्याही पत्रात पहिल्यांदाच लिहीत होते आणि लिहिताना माझी मान ताठ झाली होती. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं.

एचआरच्या बाईंचा फोन आला. फार छान पत्र आहे मॅडम, म्हणाल्या, आणि एप्रिलमध्ये ऑटिझम दिनाला आमच्याकडे जागरूकतेवर भाषण द्याल का, आम्ही निळे फुगे लावणार आहोत. फुगा फुटतो तेव्हा काय होतं ते मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या, त्यांना विनोद वाटला. पण आठवड्याभरात टेबल वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या कॅबिनमध्ये गेलं, त्यामुळे मीही फुग्यांचं पुढे फार लावून धरलं नाही.

महिन्याने तिने सांगितलं, माझ्या हातून एक चूक गेली. खोकल्याच्या औषधाच्या खोक्यावर "वापरण्यापूर्वी बाटली हलवा" ही ओळच छापली नव्हती आणि खाली तिची सही होती. पंचिंगवरच्या माणसाच्या लक्षात आलं तोवर बरीच खोकी छापून झाली होती. सगळी रद्दीत गेली. ती हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता, फक्त ती एका हाताने दुसऱ्या हाताचं बोट चोळत होती, इतकं की कातडी लाल झाली होती.

आता तरी मी थांबून विचारायला हवं होतं. मी काय केलं? मी ठरवलं की कॅबिन पुरेशी शांत नसणार. खरंच. माझ्या डोक्यात दुसरी शक्यता शिरलीच नाही. अख्खी भेट मी तिला आवाज बंद करणाऱ्या हेडफोनची माहिती देण्यात घालवली. कुठला कानावर दाबतो, कुठला उन्हाळ्यात घाम आणतो, कुठल्याचं चार्जिंग टिकतं, या विषयावर मला कुणी थांबवलं नाही तर मी दोन तास बोलू शकते, आणि तिने थांबवलं नाही. शेवटी माझी स्वतःची जास्तीची जोडी तिला दिली. ती म्हणाली, बरं. पुढच्या तीन आठवड्यांत आणखी दोन चुका गेल्या. सुपरवायझरने लेखी ताकीद दिली. एचआरच्या बाईंनी तिला बोलावून सांगितलं की असं चालू राहिलं तर कायम करणं अवघड आहे. सहा महिने पुरे व्हायला तेव्हा पंचवीस दिवस राहिले होते.

आणि मग एके दिवशी दुपारी, न कळवता, क्लिनिकची बेल वाजली. मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. बेल परत वाजली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मी दार उघडलं, तर तिची आई. थेट बाजारातून आलेली, कासोटा घातलेलं लुगडं, केसांत अबोली, हातात रिकामी टोपली, आणि मासळीचा वास माझ्या वास नसलेल्या खोलीत तिच्याआधी आत शिरला. अपॉइंटमेंट घेऊन या, असं मी म्हणणारच होते. ती आत येऊन बसली होती.

"मॅडम, माझे पोरीला शांत ठेवू नका," ती म्हणाली. "ती गलबल्यात वाढलेली हाय. शांत जागेत ती येडी होते."

मी तिला समजावायला लागले. ऑटिस्टिक माणसाला आवाजाचा त्रास कसा होतो, लहानपणापासून दाबून ठेवल्यामुळे तो बाहेरून दिसत कसा नाही, आईवडिलांना मूल सरावलं आहे असं वाटतं पण ते आत सोसत असतं. हे सगळं मी आयांना नेहमी सांगते आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. त्यामुळे ते माझ्या तोंडून घडाघडा बाहेर पडतं. तिने टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, तान्ही असताना ही ओट्याखाली झोपायची, वर दहा जणी ओरडत असायच्या. घरी नेली की जागी. बाजार बंद असायचा त्या दिवशी दिवसभर रडायची. मी शेजारणीला येऊन भांडायला सांगायची, तेव्हा कुठे झोपायची. आता मी काय शिकलेली नाय, पण येवढं मला ठावं हाय. रविवारी बाजारात या आणि बघा.

मला राग आला. एक तर न कळवता आली, त्यात माझ्याच विषयात मला शिकवत होती. आणि तो राग मुळात आपण चुकलो असू या भीतीचा होता, हे मला तेव्हा कळलं नाही, दोन दिवसांनी भांडी घासताना कळलं. माझ्या भावना मला नेहमी अशाच उशिराने पोचतात.

रविवारी मी गेले. त्या बाजाराचं वर्णन मी करणार नाही, कारण मी डोळे अर्धे मिटून चालत होते. वर पत्रे, खाली पाणी, दोन्ही बाजूंनी हाका, बर्फ फोडल्याचा आवाज, कोयत्याचा आवाज, मागून कुणीतरी "ओ ताई, बाजू, बाजू" करत पाटी नेत होतं. माझ्या कानांवर हेडफोन होते आणि त्यांचा काडीचा उपयोग होत नव्हता. तिच्या आईच्या ओट्यापर्यंत पोचले तेव्हा माझ्या पाठीवरून घामाच्या धारा वाहत होत्या.

ती ओट्याच्या मागे उलट्या क्रेटवर बसून कोळंबी सोलत होती. हात चालूच होते, बघावंसुद्धा लागत नव्हतं. खांदे खाली होते. तिचे खांदे खाली असतात तेव्हा ती कशी दिसते हे मी तोवर पाहिलंच नव्हतं, पाच महिने दर बुधवारी तासभर तिच्यासमोर बसूनसुद्धा. ती पुढेमागे थोडी डुलत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. मला बघून म्हणाली, "तुम्ही पांढऱ्या पडल्यायत."

मी विचारलं, इथे तुला त्रास होत नाही? या वेळी मी थांबले, मुख्यतः माझ्याच्याने पुढे बोलवत नव्हतं म्हणून.

ती जेवढं बोलली तेवढं क्लिनिकमध्ये महिन्याभरात बोलली नसेल. म्हणाली, हा सगळा मिळून एकच आवाज आहे. तो थांबत नाही, त्यामुळे त्याची वाट बघावी लागत नाही. मशीनचा पण तसाच होता, धप्प आणि सर्र, मला पुढचं धप्प कधी येणार ते माहीत असायचं, त्यावर मी एकेक ओळ तपासायची. कॅबिनमध्ये प्रत्येक आवाज वेगळा येतो. कुणाची चप्पल, कुणाचा फोन, दार. दार उघडेल का, उघडेल का, असं सगळा वेळ वाटत राहतं. हेडफोन लावले की माणूस एकदम खांद्यामागे येऊन उभा राहतो, कळत पण नाही. "आणि तुमच्याकडे तर मला माझं थुंकी गिळणं ऐकू येतं," ती म्हणाली.

मग दमायचीस कशाने, मी विचारलं. ती म्हणाली, जेवणाच्या सुट्टीने. ऑफिसातल्या सगळ्या जणी एकत्र डबे उघडून बसतात, प्रत्येकीने प्रत्येकीची भाजी घ्यायची, चार जणी एकदम बोलणार, मध्येच तिला विचारणार, तुझ्या डब्यात आज काय, वास कसला येतोय, लग्नाचं बघतायत का. रोज पाऊण तास. एवढंच होतं. मशीनपाशी एकटीने डबा खाल्ला असता तर प्रश्न मिटला असता. त्यासाठी दोन पानी पत्र लागलं नसतं.

मी अकरा मिनिटं टिकले. मग बाहेर बर्फाच्या टेम्पोला टेकून उभी राहिले. कपाळावर हात मारून घ्यावा असं लोक म्हणतात ना, मी खरंच मारून घेतला. तिची आई पाणी घेऊन आली. तिला मी म्हटलं, तुमचं बरोबर होतं. ती म्हणाली, पाणी प्या, आणि परत गिऱ्हाइकाकडे गेली.

मंगळवारी मी कारखान्यात गेले. आधी वेळ घेऊन, काय बोलायचं ते कागदावर लिहून. एचआरच्या बाईंच्या खोलीत त्या, सुपरवायझर, ती आणि मी. मी कागद वाचला. माझी शिफारस चुकीची होती, तिचं टेबल मशीनच्या हॉलमध्ये परत न्यावं, चुका त्या कॅबिनमध्ये गेल्यानंतरच्या आहेत, पहिल्या तीन महिन्यांतली एकही नाही, तेव्हा त्यांवरून तिला जोखू नये.

बाई गोंधळल्या, आणि मग वैतागल्या. त्यांचं काही चुकत होतं असं मी म्हणू शकत नाही. "मॅडम, आता आम्ही कुठलं पत्र खरं धरायचं?" त्या म्हणाल्या. मग सुपरवायझर पुढे झाला. साधा माणूस, बाह्या वर केलेला, नखांत शाई. तो म्हणाला, मला तेव्हाच वाटलं होतं की पोरगी खाली बरी होती. विचारणार होतो तिला. पण तुमचं पत्र आलं होतं ना. त्यात लिहिलं होतं की तुम्ही स्वतःच तशा आहात. मग आम्ही काय बोलणार?

ज्या वाक्याने माझी मान ताठ झाली होती त्याच वाक्याने एका भल्या माणसाचा साधा प्रश्न गिळून टाकला होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बाईंनी विचारलं, या वेळी नक्की ना? मी कागदाकडे पाहिलं. याचं उत्तर कागदावर लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. तिला विचारा." आणि त्यांनी विचारलं. बहुधा त्या खोलीत कुणी तिला पहिल्यांदाच काही विचारत होतं. ती उभी राहून बोलली, टेबलाची जागा, दिव्याची दिशा, डबा कुठे खाणार, सगळं एका दमात. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. मला ते फार कठीण गेलं, कारण दोनदा मला तिचं म्हणणं जास्त चांगलं मांडता आलं असतं.

निर्णय असा झाला की टेबल उद्यापासून खाली, पण कायम करणार नाहीत. आणखी तीन महिने बघणार. नोकरी गेली नाही म्हणून माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच लक्षात आलं की हे तीन महिने मी तिच्या आयुष्यातून काढून घेतले आहेत. काम चांगलं केल्यावरसुद्धा तिला आता परत परीक्षेला बसायचं होतं, माझ्यामुळे.

ती मला गेटपर्यंत सोडायला आली. बाहेर रिक्षांची रांग, वडापावची गाडी, आत मशीन बंद, जेवणाची सुट्टी चालू. रविवारपासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बाजारात विचारायचं राहिलं होतं, ते मी तिथे उभ्या उभ्या विचारलं.

"कॅबिनमध्ये त्रास होत होता, तर तू मला सांगितलं का नाहीस?"



"तुम्ही पण ऑटिस्टिक आहात ना," ती म्हणाली. "तुम्हाला शांत लागतं. नेटवर पण सगळे तसंच लिहितात. मला नाही लागत. मग मला वाटलं, मला हे पण नीट जमत नाही."

शाळेने, तीन साहेबांनी, नातेवाइकांनी या मुलीला सांगितलं होतं की माणूस म्हणून तू चुकीची आहेस. त्या सगळ्यातून ती मार्ग काढत माझ्या दारात आली, कारण दारामागची बाई आपल्यासारखी आहे असं तिला वाटलं. आणि मी न रागवता, प्रेमाने, दुहेरी काचांच्या आत बसवून तिला शिकवलं की आमच्यातसुद्धा तू चुकीची आहेस. मला भावना उशिरा पोचतात असं मी वर लिहिलंय. ही त्याच क्षणी पोचली. मला लाज वाटली, आणि गेटच्या वॉचमनसमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं."

"आता माहीत आहे," ती म्हणाली. "पण दोन महिने माहीत नव्हतं."

मग सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि ती आत गेली.